हसनचाचांचा शिळा शनिवार

दर शनिवारी संध्याकाळची, मगरिबची नमाज झाली की हसनचाचा दोन्ही कानांत कापूस घालत. थोडाथोडका नव्हे, दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून मागून आणलेला, चांगला बोटाएवढा बोळा एकेका कानात. मग ते जेवत, बिछाना घालत, आणि कुणी काही बोलायला गेलं तर हाताने 'उद्या' अशी खूण करत. नव्याने आलेल्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याचे कान फुटले असावेत. मलाही पहिल्या आठवड्यात तसंच वाटलं होतं आणि मी मोठ्या आपुलकीने लसणाचं तेल सुचवलं होतं.

कान ठणठणीत होते. इतके ठणठणीत, की त्यांचीच चाचांना धास्ती वाटे. शनिवारी संध्याकाळी आमच्या कॅम्पातल्या वायरलेसच्या खोलीत गोरे साहेब जमत आणि विलायतेच्या रेडिओवरचे फुटबॉलचे निकाल ऐकत. त्यातला एखादा शब्द वाऱ्यावरून आपल्यापर्यंत येऊ नये म्हणून हा सगळा बंदोबस्त होता.

ही हकिगत कतारमधल्या दुखानची, साठीचं दशक नुकतं लागलं होतं तेव्हाची. तेलाच्या विहिरी, पत्र्याच्या बराकी, एका अंगाला समुद्र आणि उरलेल्या तिन्ही अंगांना वाळू. मी दापोलीकडचा, कंपनीत टायपिस्ट. हसनचाचा रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचे, स्टोअरकीपर. वय पन्नाशीच्या पुढे, पांढरी दाढी, डाव्या पायाने किंचित लंगडत. मूलबाळ नव्हतं. गावाकडे चाची एकट्या. पाइप, व्हॉल्व्ह, नट-बोल्ट यांचं कुणाला किती आणि कधी दिलं हे त्यांना वहीत न बघता सांगता येई. पण त्यांचा जीव गुंतला होता इंग्लंडातल्या एका फुटबॉल क्लबात.

त्या क्लबाचं नाव मी लिहीत नाही, कारण चाचांनीही ते कधी घेतलं नाही. आपल्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसा प्रकार. ते म्हणत, "आपली मंडळी." आपली मंडळी जिंकली. आपल्या मंडळीचा गोलकीपर पडला. आपल्या मंडळीच्या गावात बर्फ पडलं, मॅच पुढं गेली. कॅम्पात नवा आलेला एक मुलाणी कितीतरी दिवस समजत होता की चाचांचे नातेवाईक विलायतेत कसला तरी धंदा करतात आणि त्यांचं काही बरं चाललेलं नाही.

खरंच बरं चाललेलं नसे. आपली मंडळी वर्षानुवर्षं हरत आली होती. पण मी सांगतो आहे त्या हंगामात कुठलं वारं त्यांच्या अंगात शिरलं कोण जाणे, ती जिंकत सुटली.

आता रेडिओ हाकेच्या अंतरावर असताना कान का बंद करायचे? तर चाचांची मॅच रेडिओवर होत नसे, ती पेपरात होई. आमच्या स्टोअरच्या गोऱ्या साहेबाला विलायतेहून पेपरांचे गठ्ठे येत, बोटीने. बोट सुएझमधून फिरून उम्म सईदच्या धक्क्याला लागणार, तिथून ट्रकने गठ्ठा दुखानला येणार, तोवर दीड महिना सहज लोटे. साहेबाचं वाचून झालं की हे पेपर पूर्वी स्वैपाकी परेराकडे जात आणि तळलेल्या मासळीखाली अंथरले जात. चाचांनी साहेबाच्या मडमेला गावचं आंब्याचं लोणचं देऊन ते गठ्ठे सोडवून घेतले. मडमेने ते लोणचं पावाला लावून खाल्लं म्हणे, आणि पुन्हा मागवलं. तेव्हापासून विलायतेचे पेपर चाचांचे झाले.

त्यांचा नेम असा. गठ्ठ्यात पाच-सहा आठवड्यांचे पेपर असत. ते मी तारखेने लावायचे, पण खेळाचं पान न बघता. त्यासाठी चाचा शेजारी उभे राहून माझ्या डोळ्यांवर नजर ठेवत. मग दर शुक्रवारी, जुम्म्याची नमाज झाली की स्टोअरच्या सावलीत सतरंजी पडायची, आणि एका आठवड्याचा एकच पेपर उघडायचा. मी इंग्रजी वाचायचं, लगेच आपल्या भाषेत सांगायचं. पुढचा पेपर हाताशी असला तरी उघडायचा नाही. एकदा मी अधीर होऊन पुढच्या गठ्ठ्याला हात घातला, तर चाचांनी माझा हात धरला.

"काय करतंस? त्या मॅचला अजून आठ दिवस हायत."

"चाचा, ती होऊन महिना झाला!"

"साहेबाची झाली असंल. माझी नाय झाली."

गोऱ्या लोकांपासून जपणं हे सगळ्यांत अवघड काम होतं. त्यांना निकाल आधीच ठाऊक. काउंटरवर चाचांनी माझ्याकडून इंग्रजीत पाटी टाइप करून घेतली होती: येथे फक्त सामानाबद्दल बोलावे. पण नुसत्या बोलण्याचाच धोका नव्हता. ड्रिलिंगवरचा एक तांबड्या केसांचा साहेब नेमका आपल्या मंडळीच्या गावचा होता. रविवारी सकाळी तो हसत आला की मंडळी जिंकली, पाय ओढत आला की हरली, हे कॅम्पातल्या कुत्र्यालाही कळे. म्हणून रविवारी चाचा त्याला सामान पाठ करून देत. तो बिचारा मागणीचा कागद पुढे करी, चाचा भिंतीकडे तोंड करून हात मागे पसरत, कागद घेत, आणि तसेच मागे मागे चालत येऊन व्हॉल्व्ह काउंटरवर ठेवत. साहेबही इतका भला की तोसुद्धा पुढे पुढे तोंडावर रुमाल धरून येऊ लागला.

चाचांचा परवलीचा शब्द होता, "पेपर येऊ दे." तो त्यांना कुठेही चाले. पगार वाढणार म्हणतात, खरं का? पेपर येऊ दे. परेराला गावाकडे मुलगी सांगून आलीय, होकार देऊ का? पेपर येऊ दे. एकदा मी विचारलं, "चाचा, आज जेवायला काय आहे?" तरी तेच उत्तर आलं, आणि ते थट्टेत म्हणाले नव्हते.

शुक्रवारच्या बैठकीला मी, चाचा, परेरा आणि रखवालदार सालेम असे चौघे कायमचे. बाकीचे येऊन-जाऊन. सालेम इथलाच, म्हातारा कतरी. तरुणपणी मोती काढणाऱ्या होड्यांवर होता. चार-चार महिने समुद्रात राहायचं आणि घरी कोण जगलं, कोण गेलं हे किनाऱ्याला लागल्यावर कळायचं. त्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नसे, पण कहव्याची, म्हणजे अरबी कॉफीची, सुरई घेऊन तो सर्वांत आधी हजर होई.

मी वाचायला सुरुवात करण्याआधी चाचा दोन्ही हात पसरून दुआ मागत. मी पडलो मॅट्रिक पास. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "चाचा, मॅच होऊन दीड महिना झाला. आता दुआ मागून गोल का हलणार आहे?"

चाचा गोंधळले. त्यांनी हात तसेच अर्धवट धरून सालेमकडे पाहिलं. सालेमने सावकाश कहवा ओतला आणि आपल्या मोडक्या हिंदीत मला म्हणाला, "तारीख तेरे पास है. अल्ला के पास तारीख नहीं."

"ऐकलंस?" चाचा म्हणाले आणि दुआ पुरी केली. त्या दिवशी मंडळी दोन गोलांनी जिंकली, त्यामुळे माझ्या मॅट्रिकची किंमत आणखी उतरली.

या वेडाचं मूळ चाचांनी मला एकदाच सांगितलं. लढाई संपल्यावर ते बोटीवर खलाशी होते. या मंडळीच्या गावच्या बंदरात साखळी तुटून डाव्या पायावर पडली. बोट त्यांना इस्पितळात ठेवून निघून गेली. तीन महिने पाय टांगून पडले होते. भाषा येत नाही, भेटायला कुणी नाही. शेजारच्या खाटेवर गोदीतला एक म्हातारा होता. त्याची मुलगी रोज केकचा तुकडा आणी. दुसऱ्या दिवसापासून ती दोन तुकडे आणू लागली. म्हातारा पेपरावर बोट ठेवून चाचांना मॅच वाचून दाखवी. चाचांना जी काही इंग्रजी अक्षरं ओळखता येत, ती त्या बोटामागून शिकलेली. पाय बरा झाल्यावर त्याने चाचांना मैदानावर नेलं. पाऊस पडत होता आणि मंडळी सपाटून हरली.

"मी म्हटलं, युवर टीम नो गुड," चाचा सांगत होते. "तर तो म्हणला, अवर टीम. माझ्या छातीवर बोट ठेवून म्हणला. मना त्या मुलखात आपलं म्हणणारा दुसरा कोण होता?"

त्यानंतर बोट मिळाली आणि ते निघाले. म्हाताऱ्याचा पत्ता लिहून घ्यायचं राहून गेलं. तेव्हा ते आभार मानत होते ते असे, दर शुक्रवारी, दीड महिना उशिरा.

आता माझी गोष्ट सांगायला हवी, कारण ती यात मिसळलेली आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या घरून तार आली होती, मुलगा झाला म्हणून. मी सगळ्या बराकींत खजूर वाटले, नाव ठरवलं, बाळासाठी दोह्याच्या बाजारातून कापड आणलं. तीन आठवड्यांनी सासऱ्यांचं पत्र आलं, की मूल दुसऱ्याच दिवशी गेलं. मी खजूर वाटत होतो तेव्हा ते मातीत होतं. त्या पत्रापासून मी कुठल्याही खबरीवर विश्वास ठेवायला भ्यायचो. आणि आता माझ्या बायकोला, जुलेखाला, पुन्हा दिवस भरत आले होते.

एप्रिलचा मध्य उलटला. तार आली नाही. आणखी एक आठवडा गेला. मी धसका घेतला की काय कोण जाणे, मला ताप भरला आणि कॅम्पाच्या दवाखान्यात नेऊन टाकलं. चाचा रोज काम सुटल्यावर येऊन उशाशी बसत. फुटबॉलचं अक्षर काढत नसत. मंडळी आमच्या हिशेबाने अजून मार्चमध्येच होती, दुसऱ्या एका संघाशी तिची बरोबरी चालली होती, आणि चाचांची झोप उडाली होती हे मला ठाऊक होतं. तरी ते मला नुसती पेज भरवत.

एका शनिवारी मगरिब होऊन चाचा कानांत कापूस घालून माझ्या खाटेशी बसले होते. एवढ्यात कंपाउंडर आला आणि सहज सांगितल्यासारखं म्हणाला, "दोह्याहून वायरलेसवर निरोप होता. तुझ्या नावाची तार आलीय. कागद उद्याच्या ट्रकने येईल."

"काय लिहिलंय?"

"ते नाही विचारलं कुणी."

मी उठून बसलो. उतरायला गेलो तर कंपाउंडरने मला परत निजवलं. चाचांनी माझा चेहरा पाहिला आणि एका कानातला बोळा काढला. "काय झालं?" मी सांगितलं. मला वाटलं, आता म्हणणार, पेपर येऊ दे. आणि त्या रात्री ते तसं म्हणाले असते तर मी जन्मात त्यांचं तोंड पाहिलं नसतं.

दुसऱ्या कानातलाही बोळा त्यांनी काढला, दोन्ही बोळे माझ्या उशाशी नीट ठेवले आणि लंगडत बाहेर गेले.

अर्ध्या तासाने परत आले. दारातूनच म्हणाले, "पोरगी झाली. दोघी बऱ्या हायत."

"कधीची तार आहे? चाचा, आज बऱ्या आहेत कशावरून?"

"दोनदा वाचून घेतली मी. तार कालची, पोरगी आठ दिवसांची. तुझा सासरा मुद्दाम आठ दिवस थांबला, मगच तार केली. दूध पिते, असं पण लिहिलंय."

मी त्यांच्या हातावर डोकं टेकून रडलो. चाचांनी दुसऱ्या हाताने पाठ थोपटली. मग उशाशी ठेवलेले बोळे उचलून, पहिल्यासारखेच नीट कानांत बसवले. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. माझी मुलगी दूध पीत होती, बाकी जगात काय चाललंय हे बघायला मला सवड नव्हती.

ताप उतरला आणि शुक्रवारच्या बैठका पुन्हा सुरू झाल्या. त्या पुढच्या बैठका मी विसरणार नाही. एकेक पेपर उघडत गेला आणि चाचांची घालमेल वाढत गेली. कधी ते कहव्याचा पेला तोंडाशी नेऊन तसाच धरून ठेवत. कधी म्हणत, "हळू वाच, घाई कशाला?" एकदा मंडळी मागे पडली तेव्हा ते उठून स्टोअरच्या मागे गेले आणि परेराने हाक मारल्यावरच परत आले. रविवारी तांबड्या केसांच्या साहेबाला पाठ करून सामान देणंही चालूच होतं.

जून उजाडला. शेवटच्या मॅचचा पेपर गठ्ठ्यात आला. आता जिंकलं तर लीग आपली, नाहीतर गेली. बुधवारी चाचांनी जाहीर केलं, की ते रोजा ठेवणार. सालेमने समजावलं, की नुसत्या शुक्रवारचा एकटा नफल, म्हणजे स्वखुशीचा, रोजा ठेवत नाहीत. "एकटा कुठं? गुरुवार पण हायच," चाचा म्हणाले. दुखानचा जून. पत्र्यावर हात ठेवला तर कातडी चिकटेल असं ऊन, आणि म्हातारा दोन दिवस पाण्याशिवाय व्हॉल्व्ह मोजत राहिला. परेरा माझ्यावर चिडला. "एक गेमके वास्ते बुड्ढा मर जायेगा," म्हणाला. मीही चाचांना चार शब्द सुनावले. फुटबॉलपायी एवढं करू नये, लोक हसतात. त्यांनी ऐकून घेतलं.

शुक्रवारी अख्खा कॅम्प लोटला होता. मी वाचू लागलो. मंडळीवर आधी गोल झाला. मग फिटला. मग, शेवटची काही मिनिटं उरली असताना, मंडळीच्या डावीकडच्या पोराने चेंडू आत घातला. मी वाक्य पुरं करायच्या आत परेराने टोपी उडवली. चाचा उठले, सतरंजी सोडून तापलेल्या सिमेंटवर गेले आणि कपाळ टेकून सजद्यात पडले. बराच वेळ उठले नाहीत. उठले तेव्हा दाढी ओली होती. तांबड्या केसांचा साहेब दूर उभा होता. त्याला आता बोलायची मुभा मिळाली, आणि तो येऊन चाचांच्या गळ्यातच पडला.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी वायरलेसवरच्या डिसोझाची दोह्याला बदली झाली. निरोपाचा चहा पिताना तो मला म्हणाला, "आता जातोच आहे, म्हणून सांगतो. तुझ्या चाचाने मला जीझसची शपथ घातली होती, आणि साहेबांनाही हात जोडले होते, कुणाला सांगू नका म्हणून."

तो शनिवार. चाचा वायरलेसच्या खोलीत शिरले तेव्हा निकाल सांगणं चालू होतं. हंगामाचा शेवटचा शनिवार, खोली साहेबांनी गच्च भरलेली. डिसोझा म्हणाला, पाच मिनिटं थांबा, रेडिओ संपला की दोह्याची लाइन लावतो. चाचा म्हणाले, आत्ता. तेव्हा एका कानाशी दोह्याचा खरखरणारा फोन आणि दुसऱ्या कानापासून हातभरावर रेडिओ, असे ते उभे राहिले. त्याच वेळी रेडिओने आपल्या मंडळीचं नाव घेतलं. लीग जिंकली होती. तांबड्या केसांच्या साहेबाने खुर्ची उलथवून आरोळी ठोकली, सगळे ओरडू लागले.

"आणि म्हाताऱ्याने काय केलं, माहीत आहे?" डिसोझा म्हणाला. "हात वर करून सगळ्या साहेबांना दटावलं. 'साहेब, प्लीज! चुप! बच्चे का तार है!' आणि ते गप्प झाले, रे. मग दोह्याला म्हणाला, फिरसे पढो."

मी चहा तसाच टाकून स्टोअरमध्ये गेलो. चाचा मापं लावून नट वेगळे करत होते. मी समोर उभा राहिलो आणि म्हटलं, "चाचा, तुम्हाला सगळं ठाऊक होतं. तेव्हापासून."

त्यांनी मान वर केली नाही. "डिसोझा बोलला व्हय? खलास."

"मग एवढे शुक्रवार ते नाटक कशाला?"

"परेराला ठाऊक नव्हतं. सालेमला नव्हतं. तुला नव्हतं." त्यांनी एक नट उजेडात धरून पाहिला. "त्यांची मॅच कशाला मारू?"

"आणि रोजे? निकाल माहीत असताना, त्या उन्हात, मॅचसाठी दोन-दोन रोजे?"

"मॅचचे कोण बोललं तुला?"

चाचांनी नट डब्यात टाकला.

"त्या दिवशी दवाखान्यातनं निघालो, ते वायरलेसच्या खोलीपर्यंत वाटेत मन्नत केली होती. फेडायची राहिली होती. गुरुवारचा तुझ्या बायकोचा, शुक्रवारचा पोरीचा."

"पण चाचा," मी म्हटलं, "तुम्ही वाटेत मन्नत केलीत, तेव्हा ती जन्मून आठ दिवस झाले होते."

"असतील," चाचा म्हणाले. "माझ्याकडं पेपर आला नव्हता."

फुटबॉलपायी लोक हसतात, असं मी या माणसाला सुनावलं होतं. मी काउंटरवर दोन्ही हात ठेवले आणि आभार मानायला तोंड उघडलं. चाचांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, खिशात हात घातला, दोन बोळे काढले आणि सावकाश, एकेक करून, कानांत घातले.

वार मंगळवार होता.